आधी अर्ज, मग निबंध

सरकारी पैशातून झालेले संशोधन म्हणजे तुमच्या-आमच्या करातून झालेले संशोधन. मग असा शोध सर्वांना मोकळा असावा, त्याचे पेटंट कशाला, असे मला पुष्कळ जण विचारतात. पूर्वी मलाही तसेच वाटे. ब्रिटनमधल्या एका शोधाची हकीगत वाचली आणि माझे मत बदलले.

केंब्रिजला मेडिकल रिसर्च कौन्सिलची, म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, एक प्रयोगशाळा आहे. रोगजंतूंशी लढण्यासाठी आपले शरीर प्रतिपिंडे नावाची प्रथिने बनवते. नेमक्या एकाच लक्ष्याला चिकटणारी प्रतिपिंडे हवी तितकी बनवण्याची रीत सेझार मिलस्टीन आणि जॉर्ज कोहलर यांनी या प्रयोगशाळेत शोधली. मिलस्टीन यांनी पेटंटचा विचार व्हावा म्हणून कौन्सिलला कळवलेही होते. पण अर्ज झालाच नाही आणि ऑगस्ट १९७५ मध्ये निबंध ‘नेचर’मध्ये छापून आला. पेटंटचे काम पाहणाऱ्या सरकारी महामंडळाने १९७६ मध्ये उत्तर दिले, की या शोधाचा तातडीचा व्यावहारिक उपयोग दिसत नाही! त्याच शोधाला १९८४ मध्ये नोबेल मिळाले. दरम्यान अमेरिकेतल्या विस्टार इन्स्टिट्यूटने मिलस्टीन यांच्याकडूनच आलेल्या पेशी वापरून अशा काही प्रतिपिंडांची पेटंटे मिळवली होती.

चूक कुठे झाली? पेटंटसाठी शोध नवा असावा लागतो. एकदा तो छापला, की नवेपण संपते. अमेरिकेत एक वर्षाची सवलत आहे. युरोपात ती जवळजवळ नाही. आपल्याकडे काही अटींवर बारा महिन्यांची मुभा आहे, पण तिच्यावर विसंबू नये. अर्ज आधी केला, तर निबंध छापायला आडकाठी नसते. शिवाय पेटंटात शोधाची कृती उघड करावीच लागते आणि वीस वर्षांनी तो सर्वांचा होतो.

कौन्सिल यातून शिकली. तिथल्याच ग्रेग विंटर यांच्या प्रतिपिंडांवरील पुढच्या शोधांची पेटंटे घेतली गेली. संधिवातावरचे अ‍ॅडॅलिम्युमॅब हे औषध त्यातून आले आणि स्वामित्वशुल्काचा वाटा कौन्सिलकडे परत आला.

मात्र असे औषध महाग असेल, तर करदात्याने दोनदा पैसे मोजायचे का? हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेने १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी अनुदानातल्या शोधांची मालकी विद्यापीठांना ठेवू दिली. पण शोध पडून राहिला किंवा जनतेच्या आरोग्याची गरज भागली नाही, तर दुसऱ्याला परवाना द्यायला लावण्याचा अधिकार सरकारने राखला. आपल्याकडेही २००८ मध्ये राज्यसभेत अशा विषयाचे विधेयक आले होते. त्याचा कायदा झाला नाही.

पेटंट घेतले, तरच परवान्याला अशा अटी घालता येतात. न घेतले, तर अटी दुसरा कोणी ठरवतो. म्हणून आपल्या प्रयोगशाळांतल्या तरुण संशोधकांना मी एवढेच सांगतो : निबंध जरूर छापा, पण पाकिटावर तिकीट लावण्याआधी एकदा पेटंटचा विचार करा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)