नौकेच्या बॅटरीसाठी किफायतशीर केबल

खाडीत ओहोटी लागलेली असताना इंजिन सुरू झाले नाही, तर दोष बॅटरीला दिला जातो. अनेकदा मात्र केबलचे तांबे खाऱ्या दमटपणाने गंजलेले असते. केबल बदलताना मच्छीमारांनी कथिलाचा मुलामा दिलेली, बारीक तारांची तांब्याची केबल निवडावी. तार खरवडावी: कथिलाखाली तांबूस रंग दिसतो, वरून तांबूस व आतून पांढरी तार ॲल्युमिनिअमची असते, ती नाकारावी. १०० अँपिअर प्रवाह व जाऊन-येऊन ४ मीटर लांबी असल्यास २५ चौरस मिलिमीटर केबलमध्ये सुमारे ०.२८ व्होल्ट घट होते. १६ चौरस मिलिमीटरमध्ये ०.४४. तयार जोडीऐवजी मीटरने केबल घेऊन टोकांना लग दाबयंत्राने बसवून घ्यावेत. बॅटरी इंजिनाजवळ ठेवून लांबीत बचत करावी, जाडीत नव्हे.