मुक्रर केलेली जागा

पंधराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात फिलिप्पो ब्रुनेलेस्की या वास्तुविशारदाने फ्लॉरेन्समधील बाप्तिस्मागृहाचे चित्र एका लहानशा फळीवर रंगविले, त्या फळीस भोक पाडले, आणि पाहणाऱ्याने पाठीमागून त्या भोकास डोळा लावून समोर धरलेल्या आरशात चित्राचे प्रतिबिंब न्याहाळावे अशी तजवीज केली. आकाशाच्या जागी त्याने रंग लावला नाही, घोटून चकचकीत केलेली चांदी बसविली. त्यामुळे खरे ढग वाऱ्यासरशी चित्रातून सरकत जात. त्याच्या चरित्रात नमूद असलेली ही हकीकत वाचताना चलच्चित्राचा इतिहास येथूनच आरंभावा, असे मला दरवेळी वाटते. ढग हलले हे अद्भुत खरेच; परंतु त्या भोकाने पाहणाऱ्याची जागा मुक्रर केली, हे त्याहून मोठे.

पुढे नेपल्सच्या जांबातिस्ता देल्ला पोर्ताने 1589 सालच्या आपल्या ग्रंथात, काळोख्या दालनात बसलेल्या मंडळींना बाहेर उन्हात चाललेला शिकारीचा देखावा, सोंगे घेतलेल्या माणसांसह, भिंगावाटे आतल्या पांढऱ्या कापडावर कसा दाखवावा, याची कृती सांगितली. काळोख, पडदा आणि प्रेक्षक तेव्हाच एकत्र आले होते. उणीव होती ती प्रतिमा टिकवून धरण्याची.

म्हणूनच आरंभीच्या चित्रपटकारांनी थोर चित्रांतील नुसत्या मुद्रा उचलल्या, एवढे म्हणून थांबणे मला उथळ वाटते. अॅलिस गी हिने 1906 साली ख्रिस्तचरित्र चित्रित केले ते तर टिसो या एकोणिसाव्या शतकातील चित्रकाराच्या आधाराने. याउलट जूलिओ आंतामोरोच्या 1916 सालच्या ‘क्रिस्तुस’मध्ये लिओनार्दोचे ‘अखेरचे भोजन’ जिवंत नटांकरवी मांडलेले आहे. मूळ भित्तिचित्राची उंची सुमारे 460 सेंटिमीटर आणि रुंदी सुमारे 880, म्हणजे जवळजवळ दुप्पट. मूकपटाची चौकट मात्र चारास तीन. तेव्हा तेरा माणसे दाटीने बसवावीत, नाहीतर डोक्यांवर रिकामी भिंत सोडावी, एवढेच हाती उरते. तरीही भोजनास बसलेली सारी माणसे मेजाच्या एकाच बाजूस, पाहणाऱ्याकडे तोंड करून, हा लिओनार्दोचा बंदोबस्त कॅमेऱ्यास आयताच मानवला. कारण मेजाची मोकळी बाजू ही प्रेक्षकाची बैठक होय. ल्यूमिएर बंधूंच्या ला सिओता स्थानकावरील आगगाडीतही रूळ दूरवर एकवटत जातात ते त्याच एका डोळ्याच्या हिशेबाने.

आपल्याकडे हा वारसा दोन वाटांनी पोहोचला, आणि दोन्ही वाटा एकाच माणसापाशी मिळाल्या. धुंडिराज गोविंद फाळके यांनी 1885 साली मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला, जेथे युरोपीय पद्धतीचे चित्रण शिकवीत. आणि पंचवीसेक वर्षांनी त्याच मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. तो पाहत असता डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लागला.