ध्वनिमुद्रणाचे अक्षत रूप

‘जग’ म्हणजे विश्व, तेथे ज तालव्य. ‘तू शंभर वर्षे जग’ असे म्हणताना तोच दंततालव्य. देवनागरी हा भेद दाखवीत नाही आणि हिंदीत हा दुसरा ज मुळीच नाही. १९५६ साली भोपाळ मध्यप्रदेशाची राजधानी झाले, तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर व इंदूर येथील अनेक मराठी कुटुंबे कार्यालयांमागोमाग येथे आली. हिंदीच्या सहवासात त्यांच्या उच्चारांचे काय झाले, याचा विश्वसनीय पुरावा म्हणजे वडीलधाऱ्यांच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण. ते कोणत्या रूपात ठेवावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ यंत्रज्ञांचा नव्हे.

संगणक ध्वनीची मोजमापे घेतो. सीडीवर ती दर सेकंदास ४४,१०० असतात, प्रत्येक १६ बिटांचे, आणि तीही दोन वाहिन्यांची. तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट होतात. वेव्ह फाइलीत ही मोजमापे सामान्यतः जशीच्या तशी राहतात. २००१ साली आलेली फ्लॅक पद्धती तीच आटोपशीर लिहिते. अभंगाच्या वहीत ध्रुपद एकदा लिहून पुढे ‘॥ध्रु॥’ एवढीच खूण करतात. गाणारा ते पुरतेपणी म्हणतो, अक्षरही गळत नाही. फ्लॅकची युक्ती याच जातीची. पुढचे मोजमाप काय असेल याचा ती अंदाज बांधते आणि अंदाज व प्रत्यक्ष यांतील अंतर तेवढे नोंदते. फाइल बहुधा निम्म्या-पाऊण आकाराची होते. उलगडल्यावर मूळ तंतोतंत हाती येते.

एमपी३ हा मात्र सारांश होय. कानाला जाणवणार नाही असे जे तिला वाटते, ते ती टाकून देते. गाणे ऐकण्यास हे पुष्कळदा पुरते, आणि त्यात आम्हांस काही गैर वाटत नाही. परंतु फाइल फार लहान केली, की पहिला बळी जातो तो उच्च कंपनसंख्येच्या घर्षणाचा. आणि दोन ‘ज’ वेगळे ओळखू येतात ते बव्हंशी त्या घर्षणावरूनच!

वेव्हचे फ्लॅक, फ्लॅकचे ॲपलच्या ॲलॅकमध्ये आणि पुन्हा वेव्ह, असे कितीही वेळा केले तरी, मोजमापांची संख्या व बिट न बदलल्यास, काही हरवत नाही. जागा वाचवावयाची असेल किंवा एखादे यंत्र एकच प्रकार ओळखत असेल, तर हे रूपांतर खुशाल करावे. एमपी३ वरून फ्लॅक करणे म्हणजे सारांशाला मूळ ग्रंथाची बांधणी चढविणे. फाइल फुगते, गेलेले परत येत नाही. शिवाय उद्याचा अभ्यासक तिला मूळ समजून फसतो, हे अधिक वाईट. तशी फाइल आहे तशीच ठेवावी.

घरात जुनी फीत असेल, तर ती दर सेकंदास निदान ४८,००० मोजमापांनी व २४ बिटांनी वेव्हमध्ये उतरवावी. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस अशीच आहे. वाटण्यासाठी एमपी३ प्रत त्या मूळ प्रतीवरूनच काढावी. फोनवरील ध्वनिनिरोपाने आलेला आवाज वाटेतच आटलेला असतो. म्हणून शक्य तेथे मूळ फाइलच मागून घ्यावी. बोलणाऱ्याचे नाव, मूळ गाव आणि मुद्रणाचे वर्ष लिहिण्यास फ्लॅक फाइलीत स्वतंत्र जागा असते. ती रिकामी ठेवू नये.