धुरावरची मिरची

संकेश्वरी मिरची अंगणात पसरली की काही कडक उन्हांतच खुळखुळायला लागते. साल पातळ, गर नावापुरता. पाणी उडून जायला वेळ लागत नाही. भजीची जाड मिरची मात्र कुणी वाळवणात घालत नाही. ती आतून ओलीच राहते, काळी पडते आणि बुरशी धरते. मेक्सिकोच्या हालापेन्यो मिरचीची अडचण नेमकी हीच होती. त्यावर तिथल्या लोकांनी फार पूर्वी तोडगा काढला, तो धुराचा. धुरावर सुकवलेली पिकली लाल हालापेन्यो म्हणजे चिपोत्ले.

हालापेन्योला हे नाव वेराक्रूझ राज्यातल्या हालापा शहरावरून मिळालं. बोटाएवढी लांब, अंगाने गुबगुबीत आणि गराने जाड अशी ही मिरची. बहुतेक पीक हिरवं असतानाच तोडलं जातं. ताजं विकलं जातं, नाहीतर गाजर-कांद्याबरोबर व्हिनेगरमध्ये मुरायला जातं. काही मिरच्या हंगामाच्या शेवटापर्यंत झाडावरच ठेवतात. त्या लालभडक होतात, गरात गोडी उतरते, पाणीही थोडं आटतं. अशा पिकल्या मिरचीला ताज्या भाजीबाजारात फारसं गिऱ्हाईक नसतं. धुरखान्याला हवी असते ती हीच.

ही रीत किती जुनी, याचा एक भक्कम पुरावा हाती आहे. बेर्नार्दिनो दे सहागुन या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने सोळाव्या शतकात मेक्सिकोतल्या नाहुआ जाणकारांना सोबत घेऊन त्यांच्या समाजाची प्रचंड नोंदवही तयार केली. तिच्यात मिरची विकणाऱ्याकडे कोणकोणता माल असतो याची यादी आहे आणि त्या यादीत धुरावलेली मिरचीही आहे. त्याच शतकात पोर्तुगीजांमार्फत मिरची गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली आणि बघता बघता आपल्या स्वयंपाकाची मालकीण झाली. धुराची रीत मात्र तिच्याबरोबर आपल्या घराघरांत रुजली नाही. आपल्या वाणांचं काम उन्हानेच भागत होतं.

आज धुरासाठीची हालापेन्यो मोठ्या प्रमाणावर उत्तरेकडच्या चिवावा राज्यात, देलिसियास आणि कामार्गोच्या परिसरात पिकते. पेकान या अक्रोडाच्या जातभाईच्या बागाही तिथे पुष्कळ, त्यामुळे जळणाला पेकानचं लाकूड मिळतं. इतरत्र ओक किंवा मेस्किट वापरतात. देठ काढलेल्या मिरच्या बंदिस्त खोलीतल्या जाळ्यांवर पसरायच्या आणि भट्टीतला धूर खालून आत सोडायचा. भट्टीत ज्वाळा नको, निखारा हवा. जाळ भडकला की मिरची सुकण्याऐवजी भाजते. धूर पातळ आणि निळसर असावा. दाट, पांढरा धूर कोंडला तर सालीवर कडू थर बसतो. लाकूडही वाळलेलं आणि बिनराळेचं लागतं. दर काही तासांनी कामगार मिरच्या खालवर करतात, कारण एकच अंग धुराकडे राहिलं तर दुसरं ओलं राहतं. हे काम कित्येक दिवस चालतं आणि शेवटी दहा किलो ओल्या मालाचा जेमतेम किलोभर सुका माल हाती येतो. किमतीवरून कुरकुर करण्याआधी हा हिशेब आठवावा.

लाकडातलं लिग्निन तापून फुटलं की ग्वायाकॉल, सिरिंगॉल असे फेनॉलवर्गातले पदार्थ तयार होतात. आपण ज्याला धुराचा वास म्हणतो, तो मुख्यतः त्यांचाच. यातले बरेच पदार्थ जंतूंना आवर घालतात आणि खवटपणा लांबवतात. पाणी उष्णतेने जातं आणि राखण धूर करतो, म्हणून जाड गराची मिरचीही टिकते. तिखटपणाचं कॅप्सायसिन धुराने नाहीसं होत नाही. ताजी हालापेन्यो स्कोव्हिल मापावर अडीच ते आठ हजारांच्या घरातली, म्हणजे मध्यम तिखट. सुकल्यावर पाणी गेल्याने तोच तिखटपणा थोडक्या वजनात एकवटतो. तरीही चिपोत्ले केवळ तिखटासाठी घालू नये असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी दुसऱ्या मिरच्या पुष्कळ आहेत.

बाजारात तिचे मुख्य प्रकार दोन. मोरिता लहान, काळपट लाल, चकचकीत आणि हाताला मऊ. तिला धूर कमी दिलेला असतो, म्हणून फळाची आंबटगोड चव शिल्लक राहते. मेक्सिकोबाहेर बहुधा हीच पोचते. मेको मोठी, मातकट करडी, धूळ बसल्यासारखी. दिसायला थेट विझवून ठेवलेला चिरूट. ती जास्त वेळ धुरात राहिलेली असते आणि तिचा मोठा वाटा मेक्सिकोतच खपतो. गॅसवर सुकवून वर लिक्विड स्मोक मारलेला मालही विकला जातो. त्यात धुराचा वास पहिल्या क्षणी नाकात शिरतो आणि मागे काहीच उरत नाही. खऱ्या मोरितात आधी गोडी लागते, मग तिखट, आणि धूर सगळ्यात शेवटपर्यंत जिभेवर राहतो.

साल्सा करायचा तर तीन मोरिता, पाव किलो तोमातियो आणि न सोललेल्या लसणाच्या दोन पाकळ्या घ्याव्यात. तोमातियो हे पापुद्र्यात गुंडाळलेलं हिरवं, आंबट फळ. ते नसेल तर आंबटसर टोमॅटो चालतात. तोही साल्सा मेक्सिकोत होतोच. कोमाल, म्हणजे तिथला तवा, तापवून मिरच्या काही सेकंदच शेकाव्यात. वास सुटला की लगेच उचलायच्या. काळ्या झाल्या तर कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही. मग गरम पाण्यात वीसेक मिनिटं भिजवाव्यात. त्याच तव्यावर तोमातियो आणि लसूण, डाग पडून आतून मऊ होईपर्यंत भाजावेत. वाटायला मोल्काहेते, तीन पायांचा खडबडीत बसाल्टचा खल. आधी सोललेला लसूण मिठाबरोबर वाटायचा, मग मिरची, आणि तोमातियो सगळ्यात शेवटी, कारण त्याचं पाणी आधी पडलं तर मिरचीची साल खलात नुसती घसरत राहते. मिक्सरमध्ये साल्सा एकजीव होतो. खलातल्या साल्सात मिरचीचा तुकडा दाताखाली येतो, आणि मला तोच आवडतो.

शिजवून टिकवायचा प्रकार म्हणजे आदोबो. टोमॅटो, कांदा, लसूण, ओरेगानो, व्हिनेगर आणि पिलोन्सियो हा तिथला गूळ यांच्या रश्श्यात आख्ख्या चिपोत्ले मऊ होईपर्यंत मंद आचेवर शिजवतात. आंबट, गोड, तिखट आणि धूर यांचा तोल इथे बसतो. ला कोस्तेन्या या 1923 साली सुरू झालेल्या मेक्सिकन कंपनीसारख्या उत्पादकांनी हाच आदोबो डबाबंद करून जगभर नेला. डब्याला नाक मुरडण्याचं कारण नाही. मेक्सिकोतही घरोघरी तोच उघडतात.

प्वेब्लाकडच्या तिंगा या कोंबडीच्या पदार्थाला आदोबो लागतोच. उकडलेली कोंबडी तंतू तंतू करून पिंजतात. भरपूर उभा कांदा परततात, त्यात टोमॅटो आणि आदोबोतली चिपोत्ले यांचं वाटण ओतून तेल सुटेपर्यंत परततात. हे परतणं टाळलं तर सॉस कच्चा लागतो. धूर एकीकडे आणि टोमॅटो दुसरीकडे राहतो. मग कोंबडी घालून रस आटवतात आणि तोस्तादावर, म्हणजे मक्याच्या कुरकुरीत चपातीवर, क्रीम आणि चुऱ्याच्या चीजसोबत वाढतात.

धूर फक्त हालापेन्योच्याच वाट्याला आला असं नाही. वाहाकाच्या डोंगराळ मिहे भागात पासिया मिहे नावाची मिरची धुरावतात. पीक थोडं, मेहनत जास्त, म्हणून ती बरीच महाग. तिच्या पोटात सारण भरून तळतात आणि तिचा साल्साही करतात.

चार माणसांच्या तिंग्याला आदोबोतल्या दोन चिपोत्ले पुरतात. उरलेल्या डब्यात ठेवू नयेत. रश्श्यासकट काचेच्या बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवाव्यात, किंवा वाटून बर्फाच्या साच्यात गोठवाव्यात. उसळीला किंवा राजम्याला एक खडा घातला तरी चव लगेच कळते.