सरकारी जीप आणि स्वतःची बॅटरी

दसऱ्याच्या दिवशी पोलीस ठाण्यावरून जाण्याचा योग आला, तर जरा आत डोकावून पाहा. त्या दिवशी ठाण्यात शस्त्रपूजा असते आणि तिच्याबरोबर वाहनपूजाही. जीप सकाळीच धुऊन-पुसून उभी केलेली असते. बॉनेटवर हळदकुंकवाची बोटे, पुढच्या जाळीला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. साहेब नारळ फोडतात, ड्रायव्हर मनोभावे हात जोडतो, पेढे वाटले जातात. बघणारीला वाटावे, काय हो माया या माणसांची आपल्या गाडीवर!

आणि मग तीच गाडी कधी पावसाळ्यात बघा. मागच्या दाराला सुतळी बांधलेली, सीटमधला स्पंज बाहेर आलेला, खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली. एखाद्या रात्री चार शिपाई तिला ढकलत असतात आणि ढकलता ढकलता शिव्याही घालत असतात. गाडीला मोठ्याने, वरच्यांना हळू आवाजात.

तुम्ही म्हणाल, पोलिसांच्या जीपशी आम्हा बायकांना काय करायचे आहे? अहो, घरचे पुरुष रात्रपाळीला गेलेत, जिन्यात कुणी दारू पिऊन दार ठोठावतो आहे आणि तुम्ही घाबरून ११२ नंबर फिरवलात, तर तुमच्या दाराशी येणार आहे ती हीच गाडी. ती चढावर बंद पडते की नाही, हा प्रश्न आपलाही आहे. आणि ज्या भगिनींच्या घरी खाकी कपडे वाळत पडतात, त्यांना तर काही सांगायलाच नको.

तसे आम्हा कांदिवलीकरांचे जीपशी नाते जुने. आकुर्ली रस्त्यावरचा महिंद्रचा कारखाना इथल्या कितीतरी घरांची चूल पेटवत आला. याच कंपनीने १९४७ साली विलीज जीप आपल्या देशात आणली. लढाईसाठी अमेरिकेत जन्मलेली ही गाडी इथे पोलीस ठाण्यांच्या अंगणात अशी काही रुळली की पुढे जिप्सी आली, क्वालिस आली, आता बोलेरो आणि अर्टिगा आल्या, तरी आपल्या तोंडी ती ‘पोलिसांची जीप’च. त्याआधीचे वाहन म्हणजे घोडा. मुंबई पोलिसांचे घोडदळ रस्त्यावर मोटारी वाढल्या म्हणून १९३२ साली मोडले आणि २०२० साली पुन्हा उभे केले. घोड्याचे एक बरे असते. सरकारी म्हणून हेळसांड केली, तर तो निदान लाथ तरी मारतो!

आमच्या चारकोपच्या सोसायटीत एक हवालदार राहतात. गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्यांची नोकरी कुठल्या कुठल्या ठाण्यांत झाली ते लिहीत नाही, कारण ही कुणा एका ठाण्याची कागाळी नव्हे. एकदा वहिनींकडे हळदीकुंकवाला गेले असताना मी सहज विचारले, “भाऊजी, तुम्ही लोक गाडीची पूजा करता आणि वर्षभर तिला वाऱ्यावर सोडता, हे कसे काय?”

ते हसले. म्हणाले, “ताई, वस्तू कुणाच्या सहीवर आहे ते आधी बघायचे. रायफल घेताना नंबर वाचून सही करतो. काडतुसे मोजून घ्यायची, मोजून परत द्यायची. सरावाला गोळ्या उडवल्या, तर रिकाम्या पुंगळ्यासुद्धा वेचून जमा करायच्या. एकदा एक पुंगळी सापडेना, तर आम्ही बारा जण उन्हात गवत चाचपत बसलो होतो. ती वस्तू जपणारच ना माणूस! पण जीपवर तीन पाळ्यांत तीन ड्रायव्हर. पहिला म्हणतो दुसऱ्याने ठोकली, दुसरा म्हणतो मला मिळाली तेव्हाच खडखडत होती.”

मला आमच्या सोसायटीची शिडी आठवली. सगळ्यांच्या वर्गणीतून आलेली, सगळ्यांना लागणारी, आणि दोन पायऱ्या तुटल्या तरी कुणाच्याच लक्षात न आलेली. पोलीसही आपल्यासारखीच माणसे, दुसरे काय.

पण सगळेच ड्रायव्हर तसे नसतात बरं का. भाऊजींच्या बरोबरचे एक चालक वर्षानुवर्षे एकाच गाडीवर होते. आरशाला छोटी माळ, डॅशबोर्डवर गणपती, पुसायला घरून आणलेले जुन्या बनियनचे फडके. इंजिनाचा आवाज जरा बदलला की यांचा चेहरा उतरायचा. साहेबांनाही ते चपला झटकून आत बसा म्हणायचे म्हणे! पुढे त्यांची बदली झाली आणि सहा महिन्यांत गाडीची रया गेली. उलट लॉगबुकात किलोमीटर फुगवणारे महाभागही असतात, हेही भाऊजींनीच सांगितले. खोटे कशाला बोला?

वहिनींची तक्रार मात्र गाडीची नव्हती, हेल्मेटची होती. दंगलीच्या किंवा मोर्चाच्या बंदोबस्ताला निघताना व्हॅनमध्ये हेल्मेटांचा ढीग टाकलेला असायचा. हाताला येईल ते डोक्यावर चढवायचे. आतली पट्टी दुसऱ्याच्या घामाने भिजलेली. “घरी आले की कपाळावर पुरळ. मी उंबऱ्यातच थांबवायची, आधी डोके धुवा म्हणायची.” शेवटी त्यांनी जुन्या सुती धोतराच्या टोप्या शिवल्या. घट्ट बसणाऱ्या, कानापर्यंत येणाऱ्या, अशा चार. एक डोक्यावर, एक खिशात, दोन धुण्यात. भाऊजींच्या बरोबरच्या शिपायांनी त्या पाहिल्या आणि त्यांच्याही बायकांकडे टोप्यांची मागणी सुरू झाली. तुमच्या घरी कुणी हेल्मेटवाले असेल, मग पोलीस असो वा स्कूटरवरचा मुलगा, तर ही युक्ती करून पाहा. इलॅस्टिक घालू नका, कपाळाला वळ पडतात.

आणि बॅटरी! सरकारी बॅटरीचा उजेड दोन हातांपलीकडे पडत नाही म्हणून भाऊजींनी स्वतःच्या पैशाने मोठी बॅटरी घेतली होती. रेनकोट स्वतःचा, पावसाळी बूट स्वतःचे. समन्स बजावायला जायचे, तर मोटारसायकल स्वतःची आणि पेट्रोलही बहुतेक वेळा स्वतःचेच. “ती बॅटरी कुणी मागितली तर द्यायचे नाहीत हो,” वहिनी म्हणाल्या, “मलासुद्धा नाही!” आता तर मोबाईलही त्यात आला. चौकीतला निरोप, घटनास्थळाचा फोटो, सगळे स्वतःच्या फोनवर. वाहतूक पोलिसांनी चलनासाठी खासगी मोबाईलवर गाड्यांचे फोटो काढू नयेत, असे आदेश वरिष्ठांना काढावे लागले, ते उगाच नाही.

नव्या उपकरणांविषयी मात्र शिपायांच्या मनात थोडी अढी असते. ११२ च्या गाड्यांत एक पडदा बसवलेला असतो. त्यावर कुणाचा फोन आला, कुठून आला ते येते, आणि गाडी कुठे उभी आहे हे नियंत्रण कक्षाला दिसते. भाऊजी म्हणाले, “सून भाजीला गेली की सासूने दर पाच मिनिटांनी फोन करावा, तसे वाटायचे.” मला त्यांची दया आली नाही. सुनेचे ठीक आहे, पण मदत मागणारीला गाडी नाक्यावर चहाच्या टपरीपाशी आहे की खरोखर निघाली आहे, हे कुणाला तरी दिसायलाच हवे.

इथवर सगळे हसण्यावारी नेता येते. पण २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवा. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हल्लेखोरांच्या हाती एके-४७ होत्या आणि आपल्या शिपायांच्या हाती लाठ्या आणि पॉइंट थ्री-नॉट-थ्री रायफली. या रायफलीच्या घराण्याने पहिले महायुद्ध पाहिलेले! रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने सहकाऱ्याची रायफल घेऊन गोळ्या झाडल्या आणि शेवटी हाताला लागलेली खुर्ची भिरकावली. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी नुसत्या हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या पोटावर झेलल्या. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. पुढे राम प्रधान समितीच्या चौकशीत दिसले की शीघ्र कृती दलाच्या जवानांना दारूगोळ्याअभावी बराच काळ गोळीबाराचा सरावच मिळालेला नव्हता. म्हणजे पाहा, पुंगळी हरवली तर बारा माणसे गवत चाचपणार, आणि सराव हरवला तर कुणी विचारणार नाही!

आणि ते जाकीट. हेमंत करकरे हेल्मेट आणि बुलेटप्रूफ जाकीट चढवताना आपण सर्वांनी दूरदर्शन संचावर पाहिले. थोड्याच वेळात कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत ते, अशोक कामटे आणि विजय साळसकर एकाच क्वालिसमध्ये मारले गेले. पुढे कविता करकरे यांनी माहितीच्या अधिकारात विचारले, माझ्या यजमानांच्या अंगावरचे जाकीट कुठे आहे? उत्तर आले, ते सापडत नाही. जाकिटांच्या खरेदीची फाईलही काही काळ गहाळ होती. पुढे रुग्णालयातल्या एका सफाई कामगाराने सांगितले की ते कचऱ्यात टाकले गेले. एका काडतुसाला जिथे सही लागते, तिथे एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याच्या अंगावरचे जाकीट कुणाच्याच सहीवर नव्हते. विनिता कामटे यांनीही त्या रात्रीच्या बिनतारी संदेशांच्या नोंदी अशाच अर्ज करून मिळवल्या आणि २००९ साली पुस्तक लिहिले. दोघीही घर सांभाळून, दुःख बाजूला ठेवून सरकारी कचेऱ्यांचे जिने चढल्या. कविताताई २०१४ साली गेल्या. जाताना त्यांच्या अवयवांचे दान झाले.

त्या प्रश्नांचा काही उपयोग झाला का? थोडाफार झाला म्हणायचे. २०१७ साली महाराष्ट्र पोलिसांनी नव्या आलेल्या ४,६०० जाकिटांची एके-४७ ने चाचणी घेतली आणि त्यांतली १,४३० नापास म्हणून कारखानदाराकडे परत पाठवली. बाजारातून आणलेली डाळ आपण निवडून पाहतो, तशी जाकिटेही निवडून घ्यायची असतात, एवढे तरी कळले.

आता आपल्या गाड्यांविषयी. ‘आपल्या’ अशासाठी म्हणते की दिल्लीच्या निर्भयाच्या नावाने केंद्र सरकारने २०१३ साली निधी काढला, तो आपल्या सुरक्षिततेसाठी. त्यातून मुंबई पोलिसांनी २०२२ साली २२० बोलेरो, ३५ अर्टिगा, ३१३ पल्सर मोटारसायकली आणि २०० अ‍ॅक्टिव्हा घेतल्या आणि त्या ठाण्याठाण्यांना वाटल्या. त्याच वर्षी डिसेंबरात वर्तमानपत्रांत बातमी आली की यांतल्या ४७ बोलेरो ठाण्यांकडून मागवून घेऊन तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या गटातील आमदार-खासदारांच्या संरक्षणाला दिल्या होत्या. खूप ओरड झाली. व्हायलाच हवी होती. ठाण्यातल्या शिपायाला यातून काय कळले असेल, सांगा बरे? नवी गाडी आली तरी जीव लावू नका, कोण कधी घेऊन जाईल नेम नाही! मग तो कशाला फडके मारील?

अ‍ॅक्टिव्हाचे मात्र उलटे पाहिले. माझ्या भाचीची मैत्रीण पोलीस शिपाई आहे. तिला पथकातली एक अ‍ॅक्टिव्हा बहुतेक रोज मिळते. ती म्हणाली, “मावशी, जाकीट पुरुषांच्या मापाचे, खांद्यावरून घसरते. मोठ्या व्हॅनची पायरी गुडघ्याच्या वर. पण ही गाडी माझ्या उंचीची आहे.” डिकीत तिने एक फडके, पाण्याची बाटली आणि सॅनिटरी पॅडची पुडी ठेवली आहे. आरसा स्वतःच्या हाताने घट्ट करून घेते. वस्तू वापरणारीच्या मापाची असली की ती जपायला वेगळे बजावावे लागत नाही, हे शिवणकाम करणाऱ्या आपल्याला तरी नव्याने कळायला नको. खरेदी करणाऱ्या साहेबांनी एकदा महिला शिपायांना जाकिटे घालून बघायला सांगावे, बस्स.

कांदिवलीला कांदिवली, चारकोप आणि समतानगर अशी तीन ठाणी आहेत. तुमच्या गावातही एक तरी असेलच. तिथल्या ड्रायव्हरशी हुज्जत घालू नका, त्याच्या हातात काही नसते. त्यापेक्षा भिशीच्या चार जणी मिळून माहितीच्या अधिकारात अर्ज करा. साध्या कागदावर चालतो, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायचे. ठाण्याचे जन माहिती अधिकारी कोण, ते ठाण्यात विचारले की कळते. विचारायचे एवढेच: ठाण्याकडे वाहने किती, त्यांतली आज चालू किती, बंद असलेली कधीपासून बंद आहेत, आणि निर्भया निधीतून मिळालेली वाहने सध्या ठाण्यातच आहेत का. शस्त्रांचे आकडे विचारू नका, सुरक्षेचे कारण देऊन अर्जच नाकारतील. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. नाही आले, तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करता येते, त्याला वीस रुपयांचे तिकीट. अर्जाची प्रत आणि पोच मात्र विसरू नका. घरात रेशनकार्ड ज्या पिशवीत ठेवता, तिथेच ठेवा, म्हणजे वेळेला सापडेल.