गणवेश, प्रकृती आणि एक विनंतीपत्र

शाळेचा गणवेश ही आपल्या शिक्षणपद्धतीतील एक चांगली रूढी आहे, हे प्रारंभीच नमूद करणे उचित ठरेल. अरेरा कॉलनीतील बंगल्यातले मूल आणि जुन्या शहरातील दोन खोल्यांतले मूल एकाच रंगाचा सदरा घालून एका बाकावर बसते, ही गोष्ट लहान नाही. शिस्त, समता आणि आपलेपणा या तिन्ही गोष्टी गणवेशामुळे साधतात. तेव्हा प्रस्तुत लेखाचा हेतू गणवेशाला विरोध करण्याचा मुळीच नाही.

परंतु सर्वांसाठी केलेला नियम कधीकधी एखाद्याच मुलाच्या प्रकृतीला, संकोचाला किंवा घरच्या रीतीला जाचक होतो. अशा वेळी पालकांपुढे सहसा दोनच मार्ग दिसतात. एक, निमूटपणे सोसणे. दुसरा, चार पालकांना गोळा करून प्राचार्यांच्या दालनात आवाज चढवणे. पहिल्यात मूल सोसते आणि दुसऱ्यातही शेवटी मूलच सोसते, कारण दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात त्यालाच जाऊन बसायचे असते. या दोहोंच्या मधला एक मार्ग आहे, तो म्हणजे विनयाने लिहिलेल्या मुद्देसूद निवेदनाचा. त्या मार्गावर आपल्या व्यवसायबंधूंना मोठे काम करता येण्यासारखे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

वेष आणि वैद्यक

वेषाचा प्रश्न आपल्या क्षेत्राला नवा नाही. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या, त्या साडी नेसूनच शिकल्या. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारी अपुरी पडते असे दिसल्यावर त्यांनी साडी गुजराती पद्धतीने नेसण्यास आरंभ केला. १० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियातून आलेल्या सबात इस्लामबूली या तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषात दिसतात. पुढच्याच वर्षी, ११ मार्च १८८६ रोजी, आनंदीबाईंना वैद्यकीय पदवी मिळाली. आपली रीत न सोडता प्रकृतीसाठी तिला थोडी मुरड घालण्याचा हा सुज्ञपणा आजही अनुकरणीय आहे.

दुसरा प्रसंग आपल्याच शहरातला. एप्रिल २०१० मध्ये येथील भारतीय वन व्यवस्थापन संस्थेच्या दीक्षान्त समारंभात तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री श्री. जयराम रमेश यांनी अंगावरचा झगा उतरवून ठेवला आणि तो वसाहतकाळाचा अवशेष असल्याचे सांगितले. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या अखत्यारीतील वैद्यकीय संस्थांना काळा झगा आणि टोपी यांऐवजी आपापल्या राज्याच्या परंपरेस साजेसा दीक्षान्त वेष सुचवण्यास सांगितले. मंत्र्यांना व्यासपीठावर झगा उतरवता येतो. आठवीतल्या मुलीला तसे करता येत नाही. तिच्यासाठी कोणीतरी मोठ्या माणसाने पत्र लिहावे लागते.

दवाखान्यात दिसणारा गणवेश

एप्रिलमध्ये नवे सत्र सुरू होते, तेव्हा भोपाळचा पारा चाळिशीकडे निघालेला असतो. त्या उन्हात जाड कृत्रिम धाग्याचा सदरा, गळ्याशी आवळलेला टाय, मोजे आणि बंद चामडी बूट अशा वेषात मूल सहा तास काढते. घामोळ्या, जांघेतील गजकर्ण, बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या ही आपल्या त्वचारोगतज्ज्ञांची नित्याची कमाई आहे. पट्ट्याच्या बकलातील निकेलमुळे बेंबीखाली उठणारा इसब काही मुलांत दिसतो. त्यांना मलमापेक्षा बकल बदलण्याची अधिक गरज असते.

उन्हाप्रमाणे थंडीचाही विचार हवा. सिकलसेलचा विकार आपल्या राज्यातील अनेक जिल्ह्यांत आढळतो. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभही १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यात, शहडोल येथे झाला. या मुलांना थंडी बाधली तर हाडे फोडणाऱ्या वेदनांचा झटका येऊ शकतो. शाळेच्या ठरलेल्या रंगाच्या पातळ स्वेटरवर दुसरे काही चालणार नाही, हा नियम इतरांसाठी केवळ गैरसोयीचा असेल, पण अशा मुलासाठी तो रुग्णालयाची वाट ठरू शकतो.

पांढऱ्या क्रीडावेषाचा प्रश्न तर प्रत्येक घरात आहे, परंतु तो उघडपणे बोलला जात नाही. मासिक पाळीच्या दिवसांत पांढरा वेष घालून कवायतीला उभे राहण्यापेक्षा घरी राहणे मुली पसंत करतात आणि शाळेच्या हजेरीपटावर केवळ गैरहजेरी नोंदली जाते. विम्बल्डनसारख्या परंपरानिष्ठ स्पर्धेनेही २०२३ पासून महिला खेळाडूंना पांढऱ्या वेषाखाली गडद रंगाची आतील चड्डी घालण्यास अनुमती दिली. शंभराहून अधिक वर्षांची परंपरा तेवढ्याने मोडली नाही. आपल्या शाळांची परंपराही मोडणार नाही.

दोन उदाहरणे

जुलै २०१८ मध्ये पुण्याच्या एमआयटी विश्वशांती गुरुकुल शाळेने विद्यार्थिनींच्या अंतर्वस्त्रांचा रंग कोणता असावा, हेही शाळेच्या दैनंदिनीत लिहून दिले आणि पालकांकडून संमती मागितली. पूर्वीच्या अनुभवांवरून चांगल्या हेतूने हे केले, असे शाळेचे म्हणणे होते. पालक संतप्त झाले, प्रकरण प्राथमिक शिक्षण संचालकांपर्यंत गेले आणि शाळेला त्या सूचना मागे घ्याव्या लागल्या. हेतू चांगला असला तरी ज्यांच्याविषयी नियम करायचा, त्यांना आधी विचारले नाही तर काय होते, याचा हा धडा आहे. दैनंदिनी छापण्यापूर्वी चार मातांशी अर्धा तास बोलणे झाले असते, तर पुढचा सारा प्रसंग टळला असता.

दुसरे उदाहरण सातासमुद्रापलीकडचे असले तरी आपल्या घरातलेच वाटावे असे आहे. दक्षिण आफ्रिकेतील दरबान शहरात सुनाली पिल्ले या भारतीय वंशाच्या मुलीने २००४ साली नाकात चमकी घातली. शाळेच्या नियमांत चमकीला स्थान नव्हते. शाळेने कारण विचारले, तेव्हा आईने पत्र लिहिले. आपले कुटुंब मूळचे दक्षिण भारतीय आहे, मुलगी वयात आली की नाक टोचण्याची घराण्याची रीत आहे आणि सोळाव्या वर्षानंतर आजी सोन्याच्या जागी हिऱ्याची चमकी घालील, ही फॅशन नव्हे, असे त्यात सांगितले होते. शाळेने विचार करून नकार दिला. वाद न्यायालयात गेला. खालच्या न्यायालयात शाळेची सरशी झाली, परंतु वरच्या न्यायालयाने तो निर्णय फिरवला. अखेर ५ ऑक्टोबर २००७ रोजी तेथील घटनापीठाने मुलीच्या बाजूने निकाल दिला, तोपर्यंत तिने शाळा सोडली होती.

हा निकाल मुळातून समजून घेण्याजोगा आहे. गणवेश नको असे न्यायालयाने कुठेही म्हटले नाही. धर्म वा संस्कृतीच्या कारणास्तव कोणाला सूट हवी असल्यास ती कशी मागावी आणि कशी द्यावी, याची रीतसर तरतूद विद्यार्थी, पालक व शिक्षक यांच्याशी विचारविनिमय करून नियमांतच करावी, असा आदेश दिला. त्या मातेचे पत्र शाळेत निष्फळ ठरले खरे. परंतु पुढे तिच्या घराची रीत काय होती, हे न्यायालयाला त्याच पत्रातून उमगले. विनयाने यश मिळेलच याची शाश्वती नाही, पण संयमाने लिहिलेला कागद वाया जात नाही.

नियम काय सांगतो

आपल्या राज्यात खासगी शाळांविषयी २०१७ चा शुल्कविनियमन अधिनियम आणि त्याखालील २०२० चे नियम आहेत. त्यांनुसार शाळेने गणवेशात बदल केल्यास तो पुढील तीन शैक्षणिक सत्रे कायम ठेवावा लागतो, आणि ठरावीक दुकानातूनच गणवेश घेण्याची सक्ती पालकांवर करता येत नाही. तक्रारींसाठी कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती असते. ही माहिती पालकांच्या संग्रही असावी. मात्र पहिल्याच पत्रात कलमांचा पाऊस पाडू नये. कायदा ही शेवटची पायरी आहे.

निर्णय मुलाच्या जितका जवळ होईल तितका बरा, हे महाराष्ट्रातील अनुभवाने दाखवले आहे. तेथे २०२४-२५ या वर्षी सरकारी योजनेतील गणवेशाचे कापड एकाच ठिकाणाहून पुरवण्यात आले. गणवेश उशिरा पोहोचले, मापे जुळेनात, अशा तक्रारी आल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवण्यात आले. याउलट केरळमधील वलयनचिरंगरा येथील प्राथमिक शाळेने पालकांना बरोबर घेऊन मुलामुलींसाठी सदरा आणि गुडघ्याखाली येणारी विजार असा एकच सुटसुटीत वेष ठरवला. खेळायला, सायकलवर बसायला सोयीचा म्हणून मुलींनी तो आनंदाने स्वीकारला.

पत्र कसे असावे

प्रथम वर्गशिक्षकांना भेटावे, मग प्राचार्यांना, आणि त्यानंतरच संचालक मंडळाकडे जावे. पायरी ओलांडली की समोरच्याचा अवमान होतो आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर आधी चर्चा पेटवू नये. मुलाच्या देखत शाळेची निंदा तर कदापि करू नये.

पत्रात एकच विषय असावा. नियमामागचा हेतू आपल्याला मान्य आहे, हे पहिल्याच वाक्यात लिहावे. मग अडचण नेमकी सांगावी, आणि तिच्यावरचा उपाय आपणच सुचवावा. उदाहरणार्थ: ‘शाळेच्या शिस्तीविषयी आम्हांस आदर आहे. आमच्या पाल्यास कृत्रिम धाग्याच्या कापडाने अंगावर पुरळ उठते, असे वैद्यकीय तपासणीत दिसून आले आहे. त्याच रंगाचा, त्याच शिवणीचा, परंतु सुती सदरा घालण्याची अनुमती मिळावी, ही विनंती. आपले उत्तर पंधरा दिवसांत मिळाल्यास उन्हाळ्यापूर्वी व्यवस्था करता येईल.’ एवढे पुरे. पत्राच्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घ्यावी. हा अविश्वास नव्हे, ही व्यवहाराची रीत आहे.

सोबत जोडायचे प्रमाणपत्र आपण डॉक्टरांनी द्यायचे असते. त्यात रोगाचा सारा इतिहास मांडण्याचे कारण नाही. मुलाला काय हवे आणि किती काळ हवे, एवढेच लिहावे. ‘थंडीत अतिरिक्त उबदार कपडे आवश्यक’ हे शाळेला पुरेसे आहे. विकाराचे नाव लिहावे की नाही, हे पालक आणि जाणते मूल यांना विचारून ठरवावे, कारण शाळेच्या कार्यालयातून गोष्ट वर्गात पोहोचायला वेळ लागत नाही. आणि केवळ ओळखीखातर खोटे प्रमाणपत्र कधीही देऊ नये. दहा खोट्या कागदांनंतर अकरावा खरा कागदही शाळा बाजूला सारते, आणि तो नेमका सिकलसेलच्या मुलाचा असू शकतो.

संचालकांना दोन शब्द

आपल्या समाजातील कित्येक मंडळी शाळांच्या संचालक मंडळांवर आहेत. त्यांना एवढीच विनंती की विचारणाऱ्या पालकाला विरोधक समजू नये. जो पालक लिहून देतो, त्याचा शाळेवर विश्वास शिल्लक आहे. ज्याचा तो उरला नाही, तो न बोलता दाखला काढून घेतो.

येत्या सत्राच्या दैनंदिनीत गणवेशाच्या पानावर तीन ओळी अधिक छापाव्यात: प्रकृती वा घरच्या रीतीच्या कारणास्तव सूट हवी असल्यास अर्ज कोणाकडे द्यावा, उत्तर किती दिवसांत मिळेल, आणि नकार मिळाल्यास फेरविचार कोण करील. दरबानच्या शाळेला घटनापीठाकडून जे ऐकावे लागले, ते आपल्या शाळांना एका बैठकीत, चहाच्या पेल्याबरोबर ठरवता येईल. तेवढ्याने गणवेश कुठेही ढिला पडणार नाही, आणि तो घालून बसलेल्या मुलाचे लक्ष फळ्याकडे राहील.