सांता खरंच असतो का?

सांताक्लॉज आणि उशीखालचा दुधाचा दात नेऊन तिथे नाणे ठेवणारी टूथ फेअरी यांच्यावर लहान मुलांचा विश्वास साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी पक्का बसतो आणि सहा ते आठच्या दरम्यान उतरणीला लागतो. शंकेची सुरुवात बहुधा हिशेबाने होते. एका रात्रीत जगभरची घरे कशी उरकतात? फ्लॅटला धुराडे नसेल तर सांता येतो कुठून? भेटवस्तूचा कागद आईच्या कपाटातल्या गुंडाळीचाच कसा? पत्रातले अक्षर किराणाच्या यादीसारखे का? चार वर्षांच्या मुलाला या गोष्टी खटकत नाहीत. सातव्या वर्षी खटकतात, कारण एव्हाना काय घडू शकते आणि काय नाही याचा अंदाज त्याला आलेला असतो.

मुले भाबडी असतात म्हणून काहीही मानतात, ही समजूत तितकीशी खरी नाही. ती पुराव्यावर चालतात. फक्त पुरावा मोठ्यांनीच रचलेला असतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॅकलिन वूली आणि सहकाऱ्यांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवाडीच्या वयाच्या मुलांना ‘कँडी विच’ या नव्याकोऱ्या, संशोधकांनीच कल्पिलेल्या चेटकिणीची गोष्ट सांगितली. हॅलोविनच्या रात्री ती गोळ्या-चॉकलेटे नेते आणि बदल्यात खेळणे ठेवते. काही घरांत पालकांनी रात्री खरोखरच ही अदलाबदल केली. त्या घरांतल्या मुलांचा चेटकिणीवरचा विश्वास इतरांपेक्षा अधिक दिसला. समोर खेळणे पडलेले असताना तिच्यावर विश्वास ठेवणे हा तर्कच होता.

म्हणूनच शंका आल्यावर नवे पुरावे उभे करणे, म्हणजे अर्धवट खाल्लेले बिस्किट, पिठात उमटवलेले बुटांचे ठसे किंवा खोटा फोन, हा सर्वांत वाईट उपाय. मूल नीट विचार करू लागलेले असते आणि घरातलेच लोक त्याच्या विचारात खोडा घालतात.

या प्रश्नाचे सर्वांत गाजलेले उत्तर न्यूयॉर्कच्या ‘द सन’ या वृत्तपत्राने 21 सप्टेंबर 1897 रोजी दिले. व्हर्जिनिया ओ’हॅन्लन या आठ वर्षांच्या मुलीने सांता आहे की नाही, खरे काय ते सांगा, असे पत्र पाठवले होते. फ्रान्सिस चर्च यांनी निनावी अग्रलेखात ‘आहे’ असे ठामपणे लिहिले आणि प्रेम, औदार्य जसे असते तसाच तो असतो, असे समजावले. लेख सुंदर आहे, पुढे असंख्य वेळा छापला गेला; पण मुलीने विचारले होते एक आणि उत्तर मिळाले भलतेच.

खरे कळल्यावर मूल कोसळेल ही भीतीही फार खरी ठरत नाही. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बहुतेक मुलांना सत्य साधारण सातव्या वर्षी, स्वतःच्या स्वतः उमगलेले आढळले. त्यांच्या प्रतिक्रिया बऱ्याचशा सकारात्मक होत्या. वाईट वाटले ते मुख्यतः आईवडिलांना.

पडलेला दात कौलांवर टाकून उंदराकडे नवा मागण्याची जुनी मराठी रीत इथे आठवते. फ्रान्स आणि स्पेनमध्येही दात न्यायला उंदीरच येतो. त्याचे दात बळकट आणि आयुष्यभर वाढणारे, म्हणून बहुधा. कौलांवरच्या उंदराने नाणे ठेवायचे नसते, चिठ्ठी लिहायची नसते. दात यायचा तेव्हा येतोच. त्यामुळे मूल मोठे होता होता ही रीत आपोआप गंमत ठरते आणि कुणालाच उघडे पडावे लागत नाही. नाताळची भेट आणि दाताचे नाणे आता शहरांतल्या आणि परदेशांतल्या मराठी घरांतही आले आहे, त्याबरोबर हा प्रश्नही.

मुलाने विचारले, की आधी “तुला काय वाटतं?” असे विचारून पाहावे. काहींना खेळ अजून चालू ठेवायचा असतो. तसे मूल स्वतःच एखादी पळवाट शोधते, सांताकडे खूप मदतनीस असतील म्हणते, आणि पुढे बोलत नाही. तिथेच थांबावे. पण त्याने डोळ्यांत डोळे घालून, “खरं सांग, तूच ठेवतेस ना?” असे विचारले तर “हो” म्हणावे. त्यानंतर टोलवाटोलवी नको. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावी निकोलस नावाचा बिशप होता आणि त्याच्या दानशूरपणाच्या कथांतून पुढे सांता घडला, हे सांगितले की मुलाच्या हाती काहीतरी खरे उरते.

बागुलबुवाची गोष्ट वेगळी. जेवण संपवण्यासाठी किंवा झोपवण्यासाठी दाखवलेल्या भीतीबद्दल मुलाने शंका घेतली तर वाट पाहू नये. तो नसतो, असे लगेच सांगून टाकावे. “सांता बघतोय हं” ही धमकीही याच खात्यातली.

राहता राहिली धाकटी भावंडे आणि वर्गातली मुले. नुकतेच उमगलेले मूल ते सगळ्यांना सांगत सुटते. त्याला गप्प बसवण्यापेक्षा कामाला लावणे बरे: धाकटीच्या उशीखाली नाणे त्याने ठेवावे, कागद त्याने निवडावा. शाळेत मात्र कुणाच्या घरी काय मानतात ते त्या घरच्यांवर सोडावे, एवढे त्याला आधीच सांगून ठेवावे.